तलवारीने काठी कापली नाही

काठी श्रेष्ठ की तलवार, यावर एकदा लिहून द्या, असं या अंकाचे संपादक मला कितीतरी दिवाळ्या सांगत आले आहेत. दरवेळी मी कारण काढलं. एकदा मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकदा नातीचं लग्न. एका वर्षी तर चक्क 'विषय माझ्या अभ्यासाचा नाही' असं पोस्टकार्ड टाकलं. ज्याचं सगळं आयुष्य आखाड्यात आणि पहारेकऱ्यांना काठी शिकवण्यात गेलं, त्याने असं कळवावं, यावरून संपादकांनाही शंका आली असेल. खरं कारण असं की या प्रश्नाचं 'तलवार' हे जे उत्तर मी लोकांना देत आलो ते खोटं आहे. आणि ते खोटं का, हे सांगायचं तर एक गोष्ट सांगावी लागते. ती मी टाळत होतो.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या माणसांना विचारा. कोणीतरी अजून सांगेल, की आपल्या आखाड्याच्या मास्तरने भर मैदानात तलवारीने काठी कापली होती. तो मास्तर मी. मी काठी कापली नाही. काठी मोडली. दोन्हींत फरक आहे, आणि तो समजायला या दोन हत्यारांविषयी थोडं सांगायला हवं.

खेळाची तलवार तीन फुटांच्या आसपास, काठी साडेपाच-सहा फुटांची. म्हणजे तलवारवाला तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तुमची काठी त्याला दोनदा भेटून आलेली असते. तलवारीला धार एका अंगाला. वार करताना मनगट जरा फिरलं की पातं चपटं पडतं आणि वाराची नुसती चापट होते. काठीला अंग नाही. कशीही लागली तरी लागते. तलवारीला टोक एक, काठीला दोन. पुढच्या टोकाने तुम्हाला गुंतवलं की मागचं टोक कुठून आलं ते घरी गेल्यावर कळतं. शिवाय हात काठीवरून सरकतात, त्यामुळे ती क्षणात लांब होते, क्षणात आखूड. तलवारीची मूठ जिथे आहे तिथेच.

तलवारीच्या बाजूने दोनच गोष्टी. काठीच्या पल्ल्याच्या आत शिरता आलं, किंवा काठीवाला अरुंद बोळात सापडला, तर त्याचं काही खरं नाही. ही पहिली. दुसरी म्हणजे तलवार चमकते. ही पहिलीपेक्षा मोठी. काठीला माणसं भीत नाहीत, कारण ती घरोघरी असते. तलवार म्यानातून निघाली की निम्मी लढाई तिथेच होते. पण समोरचा घाबरला नाही, तर उरलेल्या निम्म्या लढाईत काठी जिंकते. मोकळ्या मैदानात, सारख्या तयारीच्या दोन माणसांत, दहापैकी आठ वेळा तरी काठी. हे माझं खरं उत्तर.

आमच्या घरी याचा निकाल बायकोने फार पूर्वीच लावला होता. "तुमची तलवार वर्षातून एकदा दसऱ्याला उठते, झेंडूची फुलं खाते अन् परत भिंतीवर जाऊन झोपते," ती म्हणायची. "काठी बिचारी रोज कामाला. कुरडयांवरचे कावळे हाकला, माळ्यावरचा डबा ओढा, तुमचं धोतर वाळत घाला."

तरी आखाड्यात येणारा प्रत्येक नवा माणूस तलवारच मागायचा. जरीपटका वस्तीतल्या एका कापड दुकानदाराचा मुलगा लग्नाच्या पंधरा दिवस आधी आला. म्हणाला, "मास्टरजी, लड़ना नहीं है. बस, लगना चाहिए कि लड़ सकता हूँ." इतका प्रामाणिक विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. तीन दिवस त्याला तलवार उपसायची कशी, खांद्याला लावायची कशी, एवढंच शिकवलं. वरातीत मीही होतो. घोडी थांबली, बँड थांबला, नवरदेवाने ठरल्याप्रमाणे मुठीला हात घातला. तलवार भाड्याची, म्यानात गंजून बसलेली. ती निघाली नाही; कमरपट्टा निघाला. उरलेली वरात त्याने एका हातात म्यानासकट तलवार आणि दुसऱ्या हातात सलवार धरून पार पाडली. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. "मास्टरजी, सब लोग मुझे ही देख रहे थे." त्याला खरोखरच आनंद झाला होता.

इतवारीतला एक पोस्टमन कुत्र्यांनी हैराण होऊन आला. त्यालाही तलवारच हवी. मी म्हटलं, "तलवार घेऊन दार वाजवशील तर मनिऑर्डर घ्यायले तरी कोणी बाहेर येईल का गा?" त्याला काठी दिली आणि एकच गोष्ट शिकवली: टेकवून उभं राहायचं, पळायचं नाही. महिन्याभराने परत आला, चेहरा पडलेला. "आता काय झालं?" तर म्हणे, "कुत्रे भुंकतच नाहीत, सर. दोघं तर माह्यासंगं बीटभर फिरून राहिले. लोक विचारतात, सरकारनं दिले का?"

असे दिवस होते. आता डोमाजीकडे येतो.

डोमाजी इंदोरा वस्तीतला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बुटका, खांदे मात्र बैलगाडीच्या जोखडासारखे. कोळशाच्या टालावर, म्हणजे वखारीत, पोती वाहायचा. वडील गावात रखवाली करत. काठी त्यांच्याकडून आली. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, गाव सोडून नागपूरला आले, जुनं बरंच काही मागे टाकलं. काठी टाकली नाही. इंदोऱ्यात बुद्धविहाराच्या पटांगणात डोमाजी संध्याकाळी वस्तीतल्या लोकांना शिकवायचा. मी त्याचं नाव ऐकून होतो, खेळ पाहिला नव्हता. आमचा आखाडा आणि त्याचं पटांगण यांत सायकलने अर्धा तासही लागत नसे, पण आमच्याकडचं कोणी तिकडे जात नसे.

सत्तरच्या दशकात कोराडीच्या रस्त्याला एक नवा कारखाना उभा राहिला. त्यांना पहारेकऱ्यांना तयार करायला कायमचा माणूस हवा होता. पगाराची नोकरी, वर राहायला क्वार्टर. मी तेव्हा एका शाळेत तासांवर व्यायाम शिकवत होतो; सुट्ट्या लागल्या की पगार बंद. माझा अर्ज गेला, डोमाजीचाही गेला. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी फौजेतून आलेले. ते म्हणाले, कागद कशाला, दोघं खेळून दाखवा. एकाने तलवार घ्यावी, एकाने काठी. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला, जागा आमचा आखाडा.

आदल्या दिवशी सकाळी डोमाजी जागा बघायला आला. थंडी मस्त पडली होती, आकाशात पतंग. मी म्हटलं, आलेच आहात तर एक हात खेळू. आखाड्यात आम्ही दोघंच होतो. मी तलवार घेतली, त्याने स्वतःची काठी.

त्या तासाइतका आनंद मला या धंद्यात क्वचितच मिळाला असेल. त्याची काठी फिरायला लागली की मध्ये माणूस दिसायचा नाही, नुसता घुमणारा आवाज. मी उजवीकडून जावं तर काठी तिथे. खालून जावं तर आधीच तिथे. दहा डाव खेळलो. एकदा मी कसाबसा आत शिरलो आणि त्याच्या खांद्याला तलवार टेकवली. बाकीच्या नऊ वेळा त्याने मला हलकेच शिवलं, मनगटाला, गुडघ्याला, एकदा तर डोक्यावरची टोपी उचलून परत ठेवली. आम्ही दोघंही हसत होतो.

"मास्तर," तो घाम पुसत म्हणाला, "तलवार तुमची लय देखणी हाये. पर थे माह्यापर्यंत पोहोचूनच नाही राहिली."

"उद्या पोहोचेल."

"येऊ द्या ना. मीबी वाट पाहून राहिलो."

मग चहा पिताना त्याने सांगितलं, की त्याच्या दोन मुलींनी अजून न मिळालेल्या क्वार्टरची वाटणी करून टाकली आहे. मोठीला अभ्यासाला खिडकीजवळची जागा हवी, धाकटी म्हणते खिडकी माझी. "घरी रोज भांडन चालू हाये," तो म्हणाला, "अन् खिडकी कोनीच पाह्यली नाही." तो हसला, मीही हसलो. तो गेल्यावर माझं हसू गेलं. उद्या मी हरणार, हे मला आता माहीत होतं. आमच्या आखाड्यात, आमच्या लोकांसमोर, इंदोऱ्याच्या माणसाकडून. यातल्या शेवटच्या गोष्टीचं मला जास्त वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी नोकरीसाठी केलं. नुसतं नोकरीसाठी नव्हतं.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. जाहीर सामन्यात हत्यारं यजमान आखाड्याची. पाहुण्याने स्वतःची काठी आणायची नाही, कारण काही लोक पोकळ बांबूत लोखंडी सळई घालत. यजमान काठी देईल ती पाहुण्याने दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची. तिला टिचकी मारून वाजवून बघायचं नाही. ते बघणं म्हणजे यजमानाला चोर म्हणणं. पण टिचकीनेच तर काठी कळते. चांगला भरीव बांबू, हिवाळ्यात तोडलेला, जवसाचं तेल पाजलेला, टणक बारीक आवाज देतो. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. वरून काठी तशीच दिसते, पण आतून पोखरलेली, आणि टिचकी मारली की भद्द वाजते. म्हणून यजमानाने सगळ्या काठ्या आधी वाजवायच्या, पोखरलेली असेल ती बंबात घालायची, आणि उरलेल्यांतली सगळ्यात चांगली पाहुण्याला द्यायची.

रविवारी सकाळी मी काठ्या वाजवल्या. सात होत्या. पाचवी भद्द वाजली. उभी करून आपटली तर मधल्या पेरातून पिठासारखा पिवळा भुसा पडला. छिद्रं टाचणीच्या टोकाएवढी. मी ती बाजूला ठेवली. मग बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो. मग ती तेलाच्या फडक्याने पुसली, छिद्रांवर मेण चोळलं आणि टोकांना चुन्यात भिजवलेली फडकी बांधली.

आखाड्याच्या मैदानात पाचसहाशे माणसं. खेळाची पद्धत अशी: काठीच्या टोकांना चुना, तलवारीच्या पात्याला गेरू, ज्याच्या अंगावर रंग जास्त, तो हरला. मात्र ज्याचं हत्यार हातातून सुटलं किंवा मोडलं तो तिथेच हरला, आधी समोरच्याला कितीही रंग लागलेला असो. आम्ही एकमेकांना तिळगूळ दिला. मी काठी पुढे केली. डोमाजीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. टिचकी मारायला त्याने बोटही उचललं नाही.

पाच मिनिटांत माझ्या अंगावर चुन्याचे चार ठिपके होते. अधिकारी मान डोलावत होते. मग मी दोन पावलं मागे गेलो आणि डोक्यावरून पूर्ण ताकदीचा वार टाकला. शहाणा माणूस काठीवाल्यावर असा वार कधी टाकत नाही, कारण काठीवाला आडवी काठी वर धरतो, काठी थोडी लवते आणि तलवारच उलट उडवून लावते. डोमाजीने तेच केलं. वार मधल्या पेरावर बसला. कडकन आवाज झाला आणि त्याच्या दोन्ही हातांत दोन तुकडे राहिले.

लोकांनी मला उचललं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, तलवारीने लाठी कापली. मी अजून एक गोष्ट सांगितली नाही. खेळाची तलवार बोथट असते. धार मुद्दाम मारलेली असते. त्या तलवारीने केळं कापलं नसतं. पाचसहाशे माणसांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बोथट पात्याने बांबू कसा कापला. तलवार चमकते म्हणतात ते हेच.

डोमाजीने तुकड्यांच्या टोकांकडे पाहिलं. मग ते एकत्र करून खाली ठेवले, माझ्याजवळ आला आणि मिठी मारली. "मानलं, मास्तर." एवढंच म्हणाला.

नोकरी मला मिळाली. तिथली गंमत सांगतो. पहिल्याच दिवशी अधिकाऱ्यांनी मला कोठाराची किल्ली दिली. आत काठ्यांचा ढीग. पहारेकऱ्यांना तलवारी कोण देणार? तलवार चालवून मिळवलेल्या नोकरीत मी निवृत्त होईपर्यंत काठी शिकवली, आणि शिकवली ती डोमाजीची. त्याचा एका तासाचा खेळ मला पाठ झाला होता. त्यातलं निम्मं मला नीट जमलं नाही, पण जे जमलं ते शेकडो माणसांच्या हातात गेलं. पहारेकरी मजेत असायचे. एकदा चोर तारेवरून उडी मारून आत आला तेव्हा तिघांनी त्याला न मारता नुसता काठ्यांच्या पिंजऱ्यात उभा धरला आणि मला बोलावलं. चोर म्हणाला, "साहेब, यांले सांगा, हलू तर द्या. पायाले मुंग्या येऊन राहिल्या." पोलीस येईपर्यंत त्याला बसायला स्टूल दिलं. अशा वेळी लोक माझी पाठ थोपटत. मला प्रत्येक वेळी डोमाजी आठवे.

डोमाजी भेटला तो दहाएक वर्षांनी, कळमन्याच्या बाजारात. मी संत्री घ्यायला गेलो होतो. लिलाव उरकले होते, दुपारची सुस्ती होती, आणि एका शेडमध्ये पंधरा-वीस हमाल काठ्या फिरवत होते. मध्ये डोमाजी, केस पांढरे, खांदे तसेच. मी मागे फिरलो. पाठीमागून आवाज आला.

"काहून गा मास्तर, मले पाहून पळून राहिले का?"

त्याने मला हाताला धरून आत नेलं. "पाहून घ्या रे," तो हमालांना म्हणाला. "माही काठी आजवर एकाच मानसानं कापली. थो हा."

एक दाढीवाला हमाल काठीला टेकून उभा होता. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कशानं कापली?"

"तलवारीनं."

"खेळाची तलवार तर बोथट राहते गा, वस्ताद. बांबू कसा कापला तिनं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. मी बोलणार, तेवढ्यात डोमाजीच म्हणाला, "हातात जोर लागते बाप्पा. तुह्यासारखा नुसता दाढीत नाही." सगळे हसले. दाढीवालाही हसला.

मला वाटलं, ही याच्या आवडीची गोष्ट आहे. एका मोठ्या खेळाडूकडून हरल्याची. मी खरं सांगितलं तर याच्याकडे तेवढंही राहणार नाही. मी गप्प बसलो, आणि गप्प बसण्यात चांगुलपणा आहे असंही मला क्षणभर वाटलं.

मग तो म्हणाला, "चला मास्तर, एक हात होऊन जाऊ द्या." आणि त्याने एक काठी माझ्यापुढे केली. मी रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले. त्याने काठी सोडली नाही.

"वाजवून पाहा."

"पाहुण्याने वाजवायची नसते, डोमाजी."

"तिकडं नसन. आमच्या इथं पाहुन्यालेच आंधी वाजवू देतो. इथं हेच चालते." तो हसत होता. त्या हसण्यात कुठेही काटा नव्हता. "वाजवा ना गा."

मी टिचकी मारली. टणक, बारीक आवाज आला.

त्याला माहीत होतं. मैदानात त्या तुकड्यांची टोकं बघितली तेव्हापासूनच माहीत होतं. ती गोष्ट तो स्वतःच्या मोठेपणासाठी सांगत नव्हता. तो इतकी वर्षं माझी लाज झाकत होता, आणि पुन्हा कोणा पाहुण्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून त्याने आपल्यापुरती रीतच बदलून टाकली होती.

मी म्हणालो, "डोमाजी, त्या दिवशीची काठी..."

"खेळा मास्तर. घंटाभरानं ट्रक लागतीन."

आम्ही खेळलो. दोघांच्या हातात काठ्या, दोघांचेही गुडघे कुरकुरणारे. त्याने मला सात वेळा शिवलं. सातव्या वेळी टोपी उचलली तेव्हा हमालांनी टाळ्या वाजवल्या आणि मी इतका हसलो की मला खाली बसावं लागलं. मग पोत्यांवर बसून आम्ही संत्री खाल्ली. बाजारच्या हमालीवर त्याने दोन्ही मुलींना शिकवलं होतं. मोठी शिक्षिका झाली होती. खिडकीचं काय झालं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा तरी कळमन्याला जायचो. घरी संत्री खाऊन सगळे कंटाळले. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. पिशवी हातात घेतली की ती विचारायची, "आज सांगणार?" मी हो म्हणायचो. परत आलो की ती माझ्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता संत्री परातीत ओतायची. मी तोंड उघडलं की डोमाजी काठी पुढे करायचा, विनोद करायचा, कोणाला तरी हाक मारायचा. त्याने मला बोलू दिलं नाही, असं मी म्हणू शकतो. पण खरं तर त्याने विषय बदलला की मला बरं वाटायचं. हेही लिहून ठेवतो.

मग तो मोठ्या मुलीकडे गोंदियाला राहायला गेला. येतो, म्हणालो. निघेपर्यंत दोन वर्षं गेली. गेलो तेव्हा तो वारून महिना झाला होता. नाव सांगताच मुलीने मला ओळखलं. पोहे केले, आग्रहाने वाढले. म्हणाली, "बाबा आमाले नेहमी सांगत, मास्तरसारखा खेळगडी भेटत नाही." मी पोहे खाल्ले. तिलाही सांगू शकलो नाही.

आज ते लिहितो. कळमन्याच्या त्या शेडमध्ये, खेळ सुरू होण्याआधी म्हणायचं होतं ते एवढंच होतं: डोमाजी, ती काठी भद्द वाजली होती. मी ती वाजवून, पाहून, पुसून तुमच्या हातात दिली. तुम्ही हरला नव्हता. मले माफ करा गा.